शेततळ्यात मोती करायचेत? आधी शिंपला कोणत्या कुळातला ते बघा

मौदा, कुही, रामटेककडून मोतीशेतीबद्दल बरेच मेसेज आलेत, बहुतेकांचं विचारणं एकच, की समुद्रातला ऑयस्टर आपल्या शेततळ्यात जगेल का, नदीतला शिंपला त्याचाच भाऊबंद आहे का, आणि चांगल्या मोत्यासाठी जात निवडता येते का.

समुद्रातला ऑयस्टर गोड्या पाण्यात जगत नाही भाऊ, पाण्यात मीठ टाकून बघायच्या भानगडीत पडू नका, शेततळंही जाईल आणि आजूबाजूची जमीनही.

आता भाऊबंदकीचं. दोन शिंपांचे प्राणी म्हणून सगळे एका वर्गात येतात, पण पुढं वाटा फार लवकर फुटल्या. खायचा ऑयस्टर ऑस्ट्रिडी कुळातला, समुद्री मोती देणारा पिंक्टाडा वेगळ्या कुळातला पण त्याला बराच जवळचा, आणि आपल्या वैनगंगा-कन्हानसारख्या नद्यांतला लॅमेलिडेन्स मात्र युनिओनिडी कुळातला, दूरचा नातेवाईक. क्रोमोसोम (गुणसूत्रं) मोजले तरी फरक दिसतो, खायच्या ऑयस्टरमधे २०, समुद्री मोती देणाऱ्या पिंक्टाडा फुकाटामधे २८ आणि नदीवाल्यांच्या कुळात साधारण ३८. पिल्लांचं पण तसंच, ऑयस्टरचं पिल्लू पाण्यात मोकळं पोहून मग खडकाला चिकटतं, नदीच्या शिंपल्याचं पिल्लू आधी माशाच्या कल्ल्यांना नायतर परांना चिकटून राहतं, म्हणून तळ्यात मासेच नसतील तर पुढची पिढी तिथं तयार होणार नाही.

नुसतं कवच बघून जात सांगणं अवघड असतं. जागा, गाळ, प्रवाह बदलला की आकार बदलतो, ऑयस्टरमधे तर फारच, म्हणून आता डीएनए बघतात आणि त्यावरूनच २०१७ मधे क्रॅसोस्ट्रिया गिगास या खायच्या ऑयस्टरला मॅगलाना या वंशात टाकायचं सुचवलं गेलं. आपल्याकडं मोटामोटी ओळख अशी, लांबट, पातळ कवचाचा तो लॅमेलिडेन्स, गोलसर, जाड आणि वरच्या टोकाला सुरकुत्या असलेला तो पॅरेशिया, हाही नदीतलाच. लॅमेलिडेन्समधल्या मार्जिनॅलिस आणि कोरिॲनस या दोन जाती मात्र डोळ्यांनी वेगळ्या करायला जाऊ नका, सरावलेले लोकही चुकतात. डीएनएसाठी नमुना द्यायचाच झाला तर पायाचं मांस द्या, कारण या कुळात नराच्या वीर्यग्रंथीत बापाकडून आलेलं मायटोकाँड्रिया (पेशीतला स्वतःचा डीएनए असलेला भाग) असतं आणि त्यावरून निकाल भलताच दिसू शकतो.

निवडीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गोल मोत्यासाठी एका शिंपल्याच्या आवरणाचा, म्हणजे मँटलचा, छोटा तुकडा कापून दुसऱ्यात मण्यासोबत बसवतात, त्या तुकड्याच्या पेशी वाढून मण्याभोवती पिशवी करतात आणि तीच मोत्याचा थर सोडते. म्हणजे चमक न् रंग जास्त करून तुकडा देणाऱ्याच्या गुणावर जातो, पोसणारा धडधाकट पाहिजे एवढंच. त्यामुळं देणारा निवडताना कवच उघडून आतली चकाकी बघा, एकसारखी, डाग नसलेली पाहिजे, नुसता मोठा शिंपला म्हणून घेऊ नका. डिझाइनच्या मोत्यात साचा आवरण आणि कवचाच्या मधे ठेवतात, तिथं तुकडा लागत नाही, तिथं पोसणाऱ्याचीच चकाकी उतरते.

कोणी "समुद्री ऑयस्टरचं बियाणं" म्हणून पैसे मागत असेल तर जातीचं शास्त्रीय नाव लिहून मागा, नाही दिलं तर व्यवहार करू नका. नागपुरात तेलंगखेडीच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिंपला दाखवून विचारता येईल, आणि तुकडा-मणी बसवायची शस्त्रक्रिया शिकायची तर भुवनेश्वरच्या सीफा या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या संस्थेचं प्रशिक्षण आधी करा, मगच शिंपले विकत घ्या.