इंग्लंडमधला १६७८ चा ‘पोपिश प्लॉट’ खोटा होता, तर त्यात कॅथलिकांना फाशी कशी झाली?

कारण राजद्रोहाच्या खटल्यात त्या काळी आरोपीचे हात जवळपास बांधलेलेच असत. ‘पोपिश प्लॉट’, म्हणजे कॅथलिकांनी राजा दुसऱ्या चार्ल्सच्या खुनाचा कट केल्याची गोष्ट, ही मुख्य साक्षीदार टायटस ओट्सने रचलेली थाप होती, पण कायद्याला दोन साक्षीदार पुरत आणि ते मिळाले. आरोपीला आरोपपत्राची प्रत आधी मिळत नसे, वस्तुस्थितीच्या मुद्द्यांवर वकील देता येत नसे, त्याच्या साक्षीदारांना शपथही दिली जात नसे. खटल्यांची कामकाजं तेव्हाच छापली गेली, त्यामुळे हे सगळं आज वाचायला मिळतं. जून १६७९ मध्ये पाच जेझुइटांच्या (एका कॅथलिक धर्मसंघातल्या पाद्र्यांच्या) खटल्यात फ्रान्समधल्या सेंट ओमर इथल्या जेझुइट कॉलेजातले विद्यार्थी समुद्र ओलांडून आले आणि सांगू लागले, की ओट्स ज्या दिवशी लंडनमध्ये कट ऐकल्याचं सांगतो, त्या दिवशी तो आमच्याबरोबर फ्रान्समध्ये होता. साक्षीदार कॅथलिक, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. पाचही जण फासावर गेले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत संतापजनक प्रसंग.

मात्र प्रत्येक फाशी ओट्सच्या साक्षीवर झाली नाही. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज कॅथलिक पाद्र्याने देशात राहणं हाच राजद्रोह होता. १६७९ मध्ये काही जण निव्वळ त्यावरच मारले गेले. ओट्सला खोट्या साक्षीबद्दल शिक्षा झाली ती थेट १६८५ मध्ये.