मांडीतील गाठ आणि पहिली शस्त्रक्रिया

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या मांडीत खोलवर सात सेंटिमीटरची गाठ आहे. ती दुखत नाही, पण वाढते आहे. एका डॉक्टरांनी ‘चरबीची गाठ दिसते, काढून टाकू’ असे सांगितले; दुसऱ्यांनी मात्र एमआरआय आणि सुईने तुकडा तपासल्याशिवाय गाठीला हात लावू नका, असे बजावले. गाठीला आवरण असेल तर ती सोडवून घेण्यात अडचण कोणती? सुई टोचल्याने रोग पसरत नाही का? आणि पाय गमवावा लागेल का?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे ऐकावे. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोलवरची आणि वाढणारी गाठ दुखत नसली, तरी सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी अशा मृदू ऊतींत होणाऱ्या कर्करोगाची, शक्यता धरूनच तपासावी लागते. प्रौढांच्या कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमांचा वाटा जेमतेम १ टक्का असल्याने बहुतेक डॉक्टरांना ते क्वचितच दिसतात, आणि साधी गाठ समजून घाईने शस्त्रक्रिया होण्याचे तेही एक कारण आहे.

सार्कोमा वाढताना भोवतालच्या ऊती दाबत जातो आणि त्या दाबलेल्या ऊती व कडेच्या कर्कपेशी मिळून जो थर तयार होतो, तो आवरणासारखा दिसतो. बोट फिरवताच गाठ त्यातून अलगद सुटते, आणि फसगत नेमकी तिथेच होते. कारण त्या थरात आणि त्याच्या पलीकडेही कर्कपेशी मागे राहतात व गाठ पुन्हा उद्भवते. म्हणून गाठ उघडी न पाडता, भोवतालच्या निरोगी ऊतींसकट ती अखंड काढायची असते. ही निरोगी किनार सगळीकडे सारखी लागत नाही : स्नायूंवरचे फॅशियाचे किंवा हाडावरचे आवरण पातळ असूनही चांगला अडथळा ठरते, चरबी तसा ठरत नाही. छेद कुठून जाणार हे एमआरआय पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

जाड सुईच्या बायॉप्सीने पेशी मार्गात सांडण्याचा धोका फार थोडा असतो. तरीही सुई कुठून घालायची हे पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच ठरवावे, म्हणजे तो मार्ग नंतरच्या उभ्या छेदाच्या रेषेत येतो आणि हवा तर गाठीबरोबर काढता येतो. ‘चरबीची गाठ दिसते’ या अंदाजाची शहानिशाही याच तुकड्यावर होते : एमडीएम२ या जनुकाच्या प्रती वाढलेल्या आढळल्या, तर ती लायपोमा (चरबीची साधी गाठ) नसून लायपोसार्कोमा (चरबीचा सार्कोमा) असण्याची शक्यता बळावते. पेशींचे विभाजन किती वेगाने चालले आहे आणि मृत भाग किती आहे, यांवरून रोगाची ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे याची पातळी, ठरते; फुप्फुसांपर्यंत पसरण्याचा धोका मुख्यतः तिच्यावर आणि गाठीच्या आकारावर अवलंबून असतो. सार्कोमा बहुधा रक्तावाटे पसरतो, म्हणून निदान झाल्यास छातीचे सीटी स्कॅनही करावे लागते.

पाय कापण्याची वेळ आता क्वचितच येते. स्टीव्हन रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील चाचणीत, अवयव वाचवून रेडिएशन दिलेल्या रुग्णांत त्याच जागी गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण थोडे अधिक दिसले, पण जगण्याच्या प्रमाणात अवयव कापलेल्या रुग्णांशी लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात ती चाचणी अवघ्या ४३ रुग्णांची होती. रेडिएशन शस्त्रक्रियेआधी दिल्यास मात्रा कमी पुरते, मात्र जखम चिघळण्याचा धोका वाढतो. नंतर दिल्यास पुढे पाय ताठरण्याचा संभव अधिक. मांडीच्या बाबतीत कोणता क्रम निवडायचा, हे सर्जन आणि रेडिएशनतज्ज्ञ यांनी पहिल्या छेदाआधीच एकत्र बसून ठरवलेले असावे, आणि तसे ठरले आहे का, हे भावाने जरूर विचारावे.