भिंतीची भेग गिऱ्हाइकाला सांगायची का?

जुळे सोलापुरातलं बैठं घर विकायला काढलेले एक निवृत्त शिक्षक पत्नीसह सल्ल्याला आले. मागच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढलेली भेग होती. एजंट म्हणत होता, "कशाला सांगायलाव सर, पुट्टी मारून टाका." बाईंना धास्ती होती: सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल, नाही सांगितलं तर उद्या कोर्ट.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 चं कलम 55 इथे लागू होतं. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगावा लागतो. घरातला आणि मालकीतलाही. उघडी भेग कुणालाही दिसते. पुट्टीखाली गेली की ती तुम्ही लपवलेली ठरते, म्हणजे एजंटाच्या सल्ल्यानेच साधी भेग फसवणूक बनते.

शिवाय पुट्टी टिकत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंत तिच्याबरोबर हलते. म्हणून त्यांना भेगेवर दोन ठिकाणी पीओपीची आडवी पट्टी लावून तारीख लिहायला सांगितलं. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आणि दुरुस्तीचा अंदाजखर्च. आकडा समोर असला की गिऱ्हाईक भाव पाडतं, पण भीतीपोटी वाटेल तेवढा नाही.

खरी अडचण बोलता बोलता निघाली. जागा वडिलांची. आई-वडील दोघंही मृत्युपत्र न करता गेलेले, बहीण अक्कलकोटला दिलेली. "ती काही मागत नाही हो," सर म्हणाले. मागत नसली तरी हिस्सा आहेच, मालमत्ता पत्रकावर नाव नसलं तरी. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर खरेदीखतात विकणारी म्हणून तिचीही सही. भेग पैशाने बुजते, हे नाही.

सांगायचं ते इसार घेण्याआधी आणि लेखी. भेग, इंजिनिअरचा अभिप्राय, बँकेचा बोजा, थकीत मालमत्ता कर, पाणीपट्टी, बोअरची स्थिती. खाली दोन्ही बाजूंच्या सह्या, तारीख, आणि हा कागद साठेखताला, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री-कराराला, जोडलेला. चहा पिताना सांगितलेलं दोन वर्षांनी कुणी कबूल करत नाही.

बाईंनी कागद तिथेच लिहायला घेतला. पहिली ओळ बोअरची: एप्रिलपासून टँकर लागतो. हे एजंटालाही माहीत नव्हतं.