एखाद्या संस्थेसाठी निधी जमवायला नदीप्रवास करताय? आधी हे बघा

दिवसाला २५ किलोमीटरच धरा आणि आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवा. समोरून वारा सुटला की सामानाने भरलेली कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद छोटी नाव) रेटता रेटत नाही, म्हणून पहाटेच निघा.

खळाळाची भीती सगळ्यांनाच असते, पण बुटका बंधारा जास्त घातकी. वरून येताना पाण्याची नुसती सरळ रेघ दिसते. पायथ्याशी मात्र पाणी उलटं फिरतं आणि लाइफ जॅकेटसकट माणसाला दाबून धरतं. प्रत्येक बंधारा नकाशावर आधीच टिपा, बराच अलीकडे काठाला लागा, नाव उचलून न्या. तेव्हाच कळतं सामान किती फालतू घेतलंय ते!

देणग्या थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. प्रवासखर्च वेगळा, शक्यतो स्वतःच्या खिशातून. दोन्ही मिसळलं की लोक हिशेब विचारणारच.