वाचकांचे प्रश्न : आराखड्यात पाचर कुठे मारायची?

प्रश्न : मी घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करते. कोविडच्या साथीनंतर शहर सावरायला जी समिती नेमली आहे, तिच्यावर वस्त्यांची प्रतिनिधी म्हणून मला घेतलंय. बाकी सगळे अभियंते, डॉक्टर, व्यापारी. मसुद्याच्या पहिल्याच पानावर ‘दुर्बल घटकांना प्राधान्य’ असं छापलंय, पुढे मात्र त्याचा मागमूस नाही. मी विचारलं तर म्हणतात, ‘मदत सगळ्यांना समान वाटणार, आणखी काय हवं?’ मला भाषण करता येत नाही. नेमकं काय मागू?

उत्तर : भाषण नकोच. भाषण कितीही रंगलं तरी इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढीच ओळ उतरते. मी नोकरीची सगळी वर्षं एका पालिकेच्या नियोजन विभागात आकडेमोडीत घालवली. अशा बैठकांत टिकतं ते मसुद्यात घुसवलेलं एखादं वाक्य. तेव्हा वाक्यंच घेऊन जा.

पहिलं वाक्य : शहराचा कुठलाही आकडा वस्तीनिहाय फोडल्याशिवाय मांडू नये. कारण विचारलं तर मुंबईचं उदाहरण द्या. जुलै २०२०मध्ये तिथल्या तीन वॉर्डांत रक्तातली कोविडची प्रतिपिंडं, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण, तपासली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये ती सापडली, झोपडपट्टीबाहेर १६ टक्के लोकांमध्ये. वॉर्ड तेच, महिना तोच. या दोन्हींची सरासरी काढली असती, तर जो आकडा आला असता तो ना झोपडीचा ना सोसायटीचा. सामायिक संडास आणि एका खोलीत राहणारं अख्खं कुटुंब, हे सरासरीत दिसत नाही. रोजगार, शाळा सुटलेली मुलं, थकलेलं भाडं, सगळ्याचं असंच. ‘शहरातला रोजगार पूर्वपदावर’ असं कोणी म्हणालं की विचारा, कुठल्या वस्तीतला?

दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं, आणि तीच तुमची पाचर. प्राधान्य हा शब्द प्रस्तावनेत असला की कुणालाच बोचत नाही. तो अटीत आला की बोचतो. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२०पासून असा नियम होता की मोठ्या काउंटीला, म्हणजे तिथल्या जिल्ह्याला, निर्बंध सैल करून हवे असतील, तर तिच्या सर्वांत वंचित चतुर्थांश भागांतलं संसर्गाचं प्रमाणही खाली आलं पाहिजे. नुसती काउंटीची सरासरी चांगली असून भागत नव्हतं. पुढे मार्च २०२१मध्ये राज्यातल्या अशाच तळाच्या भागांसाठी लशीच्या ४० टक्के मात्रा राखून ठेवल्या, आणि तिथे २० लाख मात्रा टोचून झाल्यावरच सगळ्या राज्यासाठी निर्बंध उठवण्याचे निकष सैल केले. ज्यांना हॉटेलं उघडायची घाई होती, त्यांनाही मग वस्तीतल्या लसीकरणाची चौकशी करावी लागली. चांगुलपणावर विसंबलेली योजना पहिल्या अंदाजपत्रकातच कापली जाते, अटीवर उभी असलेली जरा तगते, हे माझं स्पष्ट मत. तुमच्या मसुद्यात लिहून घ्या : सर्वांत मागे असलेल्या वस्त्यांत ठरलेलं काम पुरं झाल्याशिवाय सुशोभीकरणाच्या निधीचा पुढचा हप्ता सुटणार नाही. त्यावर खडाजंगी होईल. होऊ द्या.

आता ‘समान’चं. एप्रिल २०२०च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अंदाज होता की जगातल्या असंघटित कामगारांपैकी १६० कोटी लोकांच्या पोटापाण्यावर गदा येते आहे. पगारदाराने घरी बसून काम केलं. त्याच्या घरी भांडी घासणारीचं काम त्याच घराच्या दाराशी थांबलं. नुकसान असमान झालं असताना भरपाई समान वाटायची, म्हणजे अंतर आहे तसं जपून ठेवायचं.

आणि अर्जाचा नमुना मागून घ्या, तो ओळीओळीने वाचा. योजना मारायची असेल तर ती धोरणात मारत नाहीत, अर्जात मारतात. मी पाहिलेल्या एका मदत-अर्जात तीन रकाने होते : कायमचा पत्ता, नोंदणीकृत भाडेकरार, मालकाचा नोकरीचा दाखला. तुमच्या बाई चार घरी काम करतात. दाखला कुठल्या घराने द्यायचा? चारही घरं म्हणणार, ‘आम्ही कुठे मालक?’ त्या अर्जावर घरकामगार हा शब्दही होता, व्यवसायाच्या यादीत, अगदी ठळक.

याच्या उलट पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो या देशाने एप्रिल २०२०मध्ये ‘नोविसी’ योजना काढली. साध्या फोनवरून एक क्रमांक फिरवायचा. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको. मतदार नोंदणीत व्यवसाय आणि ठिकाण आधीच होतं, त्यावरून पात्रता ठरायची आणि पैसे थेट फोनमधल्या खात्यात. बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. खोट होती ती अशी की मतदार ओळखपत्र नसलेला बाहेरच राहिला. म्हणून तुमच्याकडे यादीला दुसरा दरवाजाही हवा : संघटनेने किंवा वस्तीतल्या आरोग्यसेविकेने ओळख पटवली तर चालेल, असा.

थकलेल्या भाड्याचा मुद्दा सोडू नका. नुसती ‘भाडेकरूला घराबाहेर काढायला बंदी’ पुरत नाही, भाडं मागे साचतच राहतं. अमेरिकेत सप्टेंबर २०२०पासूनची अशी बंदी ऑगस्ट २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उठवली, तेव्हा भाडेमदतीचा बराचसा पैसा लोकांपर्यंत पोचलाही नव्हता. बंदी कधी संपणार आणि थकबाकी कोण भरणार, ही दोन्ही उत्तरं एकाच आदेशात असायला हवीत.

प्रश्न : मी प्रकल्प अधिकारी आहे. वस्तीत सल्लामसलतीच्या बैठका ठेवतो, पण चारदोन पुढारी सोडले तर कोणी फिरकत नाही. लोकांनाच आस्था नाही, तर सहभाग कुठून आणायचा?

उत्तर : बैठक किती वाजता ठेवता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कार्यालयीन वेळेतच असणार. त्या वेळी बाई दुसऱ्या घरी असते आणि फेरीवाला गाडीवर. आस्था आहे, सवड नाही. शिवाय तुमच्या सल्लागाराला हजेरीचं मानधन मिळतं आणि वस्तीतल्या माणसाने बुडालेल्या मजुरीवर मत द्यायचं, हे तुम्हालाही पटू नये. मजुरी भरून द्या, रात्री या, मुलं सांभाळायची सोय करा. कोलंबियाची राजधानी बोगोटाने ऑक्टोबर २०२०मध्ये ‘काळजी-केंद्रांचे चौक’ सुरू केले, त्यामागचा विचार हाच : मुलांना, म्हाताऱ्यांना कोणीतरी सांभाळतंय, कपडे धुण्याची यंत्रं तिथेच आहेत, म्हणून बाईला शिकायला किंवा विसावा घ्यायला तास मिळतो. आधी तिचा तास मोकळा करा. मत तिच्याकडे भरपूर आहे, ऐकताना तुमची पंचाईत होईल.

प्रश्न : मदतीसाठी घरोघरी याद्या करायला आलेत. आमची वस्ती अनधिकृत. नाव द्यावं की नाही?

उत्तर : सरसकट नाही म्हणू नका, पण तोंडी आश्वासनावरही जाऊ नका. यादी फक्त मदतीसाठी वापरली जाईल आणि अतिक्रमण विभागाला दिली जाणार नाही, असा सहीशिक्क्याचा लेखी आदेश आधी मागा. त्याची प्रत वस्तीत लावायला सांगा. नाव देताना पोचपावती घ्या, आणि यादीची एक प्रत तुमच्या संघटनेकडे ठेवा, म्हणजे उद्या कुणाचं नाव गळलं तर दाखवता येईल. आदेश द्यायला ते कां-कूं करू लागले, तर घाई त्यांना आहे, तुम्हाला नाही.