रॉकफेलर, कार्नेगी आणि तुमचे प्रश्न

प्रश्न: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले सगळेच मोठे उद्योगपती इतरांना चिरडून धंदा करायचे, मग आजच्या नजरेने तेलवाल्या रॉकफेलरला दोषी का धरायचं?

आजची नजर राहू द्या, तेव्हाच्याच लोकांची घ्या ना. १८७२ मध्ये रेल्वेवाले आणि रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलसकट मोजके रिफायनरीवाले यांनी साउथ इम्प्रूव्हमेंट कंपनी नावाखाली गुपचूप सेटिंग केलं, म्हणजे स्वतःच्या रेल्वेभाड्यात सूट मिळणारच, वर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातूनही यांना वाटा, बोला आता! बातमी फुटल्यावर पेनसिल्व्हेनियातले तेलवाले भडकले, यांना तेल विकायचं बंद केलं, आणि तिथल्या विधिमंडळाने कंपनीची सनदच रद्द केली. म्हणजे हे चूक आहे हे तेव्हाही कळत होतं की. योजना बारगळली, पण त्या गडबडीत क्लीव्हलँडच्या २६ पैकी २२ रिफायनऱ्या रॉकफेलरच्या खिशात गेल्या होत्या. रॉकेल त्याच्या काळात स्वस्त झालं हे खरंय, गिऱ्हाइकाला लुटलं असं मी नाही म्हणणार, धंद्यातल्या इतरांना मात्र चिरडलं. १९११ ला सुप्रीम कोर्टाने कंपनीचे ३४ तुकडे केले, तर शेअर वाढून हा आणखी श्रीमंत झाला!

प्रश्न: स्टीलवाल्या कार्नेगीने हजारो लायब्ररी बांधून दिल्या. तरी त्याला शिव्या का?

अडीच हजारांच्या वर लायब्ररींना पैसे दिले त्याने, त्यातल्या सोळाशेच्या वर अमेरिकेत. जागा आणि दरवर्षीचा खर्च मात्र गावाने बघायचा ही अट होती, आणि मला ती अट आवडते. पण त्याच्या स्टील मिलमध्ये १२-१२ तासांच्या पाळ्या, घरी आलेला माणूस वाचणार कधी?

आणि खरा डाग पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या होमस्टेड मिलचा. १८९२ ला पगारकपातीवरून कामगारांशी वाद पेटला तेव्हा हा स्कॉटलंडमध्ये होता, कारभार त्याचा भागीदार फ्रिककडे. फ्रिकने मिलला कुंपण घातलं, कामगारांना बाहेर काढलं आणि ६ जुलैला पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह एजन्सीची ३०० हत्यारबंद माणसं नदीतून आणली, दिवसभर गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली, मग राज्याची फौज आली आणि युनियन संपली. "मी तिथे नव्हतो" हे मला पटत नाही कारण फ्रिकला त्याचा पाठिंबा होता, आणि सहाच वर्षांपूर्वी कार्नेगीनेच लेख लिहून सांगितलं होतं की संपावरच्या माणसाची नोकरी दुसऱ्याने घेऊ नये. आपण त्याला त्याच्याच मापाने मोजतोय, बस.

प्रश्न: श्रीमंतांच्या क्लबचं धरण फुटलं होतं ना? कुणाला शिक्षा झाली?

कुणालाच नाही. १८८९ चा पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनचा पूर, २,२०९ मृत्यू. तलाव कार्नेगी, फ्रिक वगैरे मेंबर असलेल्या क्लबचा, धरणाची उंची कमी केलेली, सांडव्याला मासे पळू नयेत म्हणून जाळ्या. कोर्टात दैवी आपत्ती म्हणून सुटले सगळे.

प्रश्न: मुलगा पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) रिसर्च करतो. तिथे रॉकफेलरचा पैसा होता म्हणे, वाईट वाटून घ्यावं का?

छे, अजिबात नको. १९५२ ला आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि रॉकफेलरांची दानसंस्था रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून व्हायरस रिसर्च सेंटर काढलं, तीच आजची एनआयव्ही, माकडतापाचा विषाणू त्यांनीच शोधला, केवढं मोठं काम! पण त्या कामाने लडलोचं हत्याकांड पुसलं जात नाही. फाउंडेशन १९१३ चं आणि पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९१४ ला, कोलोरॅडोतल्या लडलोत रॉकफेलरांच्या ताब्यातल्या खाण कंपनीच्या संपकऱ्यांच्या तंबूंवर नॅशनल गार्डने, म्हणजे राज्याच्या फौजेने, गोळ्या झाडल्या, तंबू पेटले, आणि खालच्या खड्ड्यात लपलेल्या २ बायका आणि ११ मुलं गुदमरून मेली. दान आणि धंदा वेगळे होते म्हणावं तर तेही नाही, कारण त्यानंतर कामगार प्रश्नाचा "अभ्यास" करायला फाउंडेशननेच मॅकेंझी किंगला नेमलं (हो, पुढे कॅनडाचा पंतप्रधान झाला तोच) आणि त्याने कंपनीला जी योजना करून दिली तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी होते, त्यांची युनियन नव्हती.