नाणं झिजलंय की ठसाच नीट उठला नाही?

प्रश्न : आजीच्या पेटीत १८६२ चा राणीछाप रुपया सापडला. अक्षरं, दातेरी कड सगळं कडक आहे, पण राणीच्या कानावरचे केस अगदी सपाट. एका दुकानदाराने 'झिजलंय, व्हीएफ (व्हेरी फाइन, म्हणजे थोडं वापरलेलं पण चांगलं) पण नाही' म्हणून भाव पाडला. मामेभाऊ म्हणतो स्ट्राइक वीक आहे, म्हणजे ठसाच कमी उठलाय, झीज नाही. कोणाचं खरं मानू? आणि दाखवायच्या आधी चिंचेने साफ करून घेऊ का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधी शेवटचं सांगते, चिंच लावू नका. लिंबू नको, रांगोळी नको, टूथपावडर तर अजिबात नको. मी शाळेत असताना आजीचा असाच एक रुपया रांगोळीने घासून लखलखीत केला होता, आज भिंगाखाली त्याच्यावर नुसते बारीक ओरखडे दिसतात आणि ते आता कशानेच जाणार नाहीत. साफ केलेल्या नाण्याला ग्रेडिंगवाले, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून दर्जा ठरवणारे, नंबर देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' (म्हणजे नाण्यात दोष आहे) लिहून परत पाठवतात. शिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्या पृष्ठभागावर आहे तोच तुम्ही पुसून टाकाल.

आता केसांचं. नाणं टाकसाळीत दाबलं जातं तेव्हा चांदी डायच्या, म्हणजे ठसा कोरलेल्या साच्याच्या, खोलगट भागात सरकते, आणि सरकताना पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा पडतात, त्यावरून जो प्रकाश फिरतो ते लस्टर. दाब कमी पडला किंवा डाय जुनी झाली असेल तर सगळ्यात खोल कोपऱ्यात चांदी पोचतच नाही, म्हणजे तिथले केस कधी उठलेच नव्हते, झिजणार कुठून! हातोहाती फिरून झिजलेल्या जागी मात्र केसही जातात आणि लस्टरही जातं.

म्हणून केस किती दिसतात ते मोजत बसू नका, त्या सपाट जागेचा रंग बघा. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा. चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरत फिरत त्या सपाट भागावरूनही गेली, किंवा थोडी मंद झाली पण रंग आजूबाजूसारखाच राहिला तर भाऊ बरोबर. गालावर नि केसांवर येऊन ती तुटली आणि तिथे करडा, मेलेला रंग दिसला तर ती झीजच. मग नाणं उलटून बरोबर त्याच जागेच्या मागे बघा, कारण समोरासमोरच्या दोन्ही खोल भागांना एकाच जागची चांदी पुरवायची असते, त्यामुळे ठसा कमी असेल तर बहुतेक वेळा मागचीही अक्षरं तिथेच बोथट असतात. झीज असं जागा निवडून होत नाही, ती दोन्ही बाजूंच्या सगळ्या उंचवट्यांवर आणि कडेवर दिसते. तुमची कड कडक आहे म्हणता, त्यामुळे मला भावाच्या बाजूने वाटतंय, पण रंग बघितल्याशिवाय ठाम बोलणार नाही.

पण वीक स्ट्राइक ठरला तरी पूर्ण उठलेल्या नाण्याएवढा भाव येणार नाही. १ ते ७० च्या शेल्डन स्केलवर व्हीएफ म्हणजे २० ते ३५, आणि न वापरलेलं नाणं ६० पासून वर. ठसा कमी म्हणून ६० च्या वरचं नाणं व्हीएफमध्ये ढकलणं चूकच, फक्त ६५-६६ ची आशा धरू नका.

अजून एक, १८६२ बघून फार हुरळू नका. हेच साल डायवर ठेवून १८७४ पर्यंत रुपये पाडले गेले. संग्राहक मागच्या बाजूचे ठिपके मोजतात ते खरं साल ओळखायलाच, तुम्हीही मोजा. वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं. आणि कडेवर डाग देऊन जोडल्याचा (सोल्डरचा) किंवा कानशीचा खरखरीतपणा लागतो का ते बोटाने बघा, आपल्याकडे कितीतरी राणीछाप रुपये कडी लावून माळेत ओवले गेले आणि नंतर कडी काढून विकले गेले.

प्रश्न : माझ्या शिवराईवर 'श्री राजा शिव' पैकी 'श्री' दिसतच नाही. ग्रेड गेली ना? (एक वाचक, जुन्नर)

उत्तर : नाही हो! शिवराई हाताने ठोकलेली, आणि ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर मावणं हीच नशिबाची गोष्ट. 'श्री' कडेबाहेर गेला असेल तर तो झिजलेला नाही, पडलाच नव्हता. जी अक्षरं आहेत त्यांच्या कडा उभ्या आणि धारदार आहेत का तेवढं बघा, ग्रेड त्यावर. पूर्ण अक्षरांचे पैसे जास्त मिळतात हे खरं, पण तो वेगळा हिशोब. आणि तांब्यावरचा तो गडद तपकिरी थर खरवडू नका, प्लीज.